समितीपुढची तीन मिनिटं

हॅलो?... कोण, इंदू? अगं, सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही! तुझ्या विठ्ठलकाकानं आज विधिमंडळाची समिती गप्प केली... हो, हो, तीच. टोलवाढीवर लोकांचं म्हणणं ऐकायला हुबळीत आली होती ना...

अगं ऐक ना! अकरा आमदार. अकरा!... बरं, सात असतील. अध्यक्ष म्हणाले, ‘हेळ्री यजमानरे, बोला, तीन मिनिटं आहेत.’ मी उठलो, माईक बाजूला सारला. मला कशाला माईक?...

तुझ्या व्हॅनचं? ते... येतो ना त्यावर. आधी तिथला थाट तर ऐक... हो गं बाई, लक्षात होतं! धारवाडची मुलं हुबळीच्या शाळेत, दिवसाला चार खेपा, दर खेपेला टोल. तू भाडं वाढवलंस की पालक मुलं काढून घेणार, मग व्हॅन विकायची पाळी. काल तीनदा म्हणवून घेतलंस की माझ्याकडून.

तर मी गरजलो, ‘सर्व्हिस रोडवर म्हशी बसतात, आणि टोल माणसांनी भरायचा?’ एक आमदार तर रडले... रुमाल काढला म्हणजे रडलेच की! अध्यक्षांनी तिथूनच बंगळूरला फोन लावला. ‘वाढ थांबवा, विठ्ठलराव आलेत.’

...हसली नाहीस? आवाज का असा तुझा?

शाल? कसली शाल?... हां, ती. ज्येष्ठ नागरिक म्हणून आधी सत्कार केला माझा. पण तुला कुणी... तू होतीस? कुठे? मागे, दाराशी?... दुपारची खेप सोडून आलीस?

...

हो. ऐकतोय.

...आता काय सांगू, इंदू. शाल अंगावर पडली आणि हात आपोआप जोडले गेले गं. आपल्या गणेश मंडळात तीस वर्षं आभार मीच मानतो. तोंडाला तेच वळण. अध्यक्षांचे मानले, सदस्यांचे मानले, माईकवाल्याचे... कॉफीवाल्याचे पण, हो. त्याचं नाव आठवेना, तिथेच वेळ गेला. मग ‘साकु यजमानरे, पुरे’ म्हणाले.

कारकुनानं वाचून दाखवलं? मी बाहेर गेल्यावर?... माझ्या नावापुढे काय?... ‘हरकत नाही. समाधान व्यक्त केलं.’

अय्यो...

आणि लेखी हरकती घ्यायचंही बंद झालं?... अहवाल याच आठवड्यात सभागृहात ठेवणार... हो. समजलं गं.

पण एक सांगतो, रागावू नकोस. अगदी शेवटी, बसता बसता, तुझ्या व्हॅनचं नाव काढलं मी. हळू आवाजात. तू दाराशी होतीस, तुला नसेल ऐकू...

काय म्हणालीस?... ‘काका, आता हे तरी खोटं बोलू नका’...

...नाही गं. नाही काढलं.

इंदू?... हॅलो?...