तळ्याच्या गाळाच्या अडतीस नळ्या

जबाब देणार: संशोधन संस्थेचा भांडारपाल, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी, राहणार संस्थेमागील कर्मचारी चाळ, खोली क्रमांक ४.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नीसह राहतो. संस्थेत बावीस वर्षे नोकरीला आहे. आमच्या संस्थेत या भागात पूर्वी कोण राहत होते, काय पेरत होते, जंगल कुठवर होते याचा अभ्यास चालतो.

मयत बाई संस्थेत संशोधक होत्या. वय ६३. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, तरी रोज साडेनऊला येत. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणत असे. लग्न केलेले नव्हते. धाकट्या भावाकडे राहत. त्या मला भाऊ म्हणत.

ताईंचे काम गावाबाहेरच्या तळ्यावर होते. तळ्याच्या तळाशी दरवर्षी थोडा गाळ बसतो, त्यात त्या वर्षीचे फुलांचे पराग आणि चुलींची काजळी अडकून राहते. लांब प्लास्टिकची नळी गाळात खोल ठोकून ती भरून वर काढायची, असे ते काम. अकरा हिवाळे आम्ही होडीतून हे केले. नळ्या धरायला मी असे. माझ्या हातून एकदा नळी कलली, तेव्हा ताई म्हणाल्या, "भाऊ, जपून. तीनशे वर्षं सांडाल पाण्यात." होडीतले सगळे हसले. अशा एकूण अडतीस नळ्या झाल्या. नऊ वर्षांपूर्वी तळे भराव घालून बुजवले. तिथे आता बसडेपो आहे.

नळ्या थंड खोलीत असत. दोन वर्षांपूर्वी तिथले यंत्र बंद पडले, ते दुरुस्त झाले नाही. ताईंनी नळ्या मागच्या शेडमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दर दोन दिवसांनी त्या स्वतः पाणी शिंपडत. चौतीस नळ्यांचे काम झाले होते, पण ताळा पाहायला त्या पुन्हा लागणार होत्या. सर्वांत खोलवरच्या चार नळ्या उघडायच्या राहिल्या होत्या.

मागील महिन्यात नवीन अधीक्षक आले. त्यांनी शेड रिकामी करण्यास सांगितले. निरुपयोगी सामानाची यादी झाली. त्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्याने मी घरी होतो. ताईही भावाच्या कुटुंबासोबत परगावी गेल्या होत्या. शुक्रवारी शिपाई यादी घेऊन घरी आला. डोळ्यावर पट्टी असल्याने त्याने ती वाचून दाखवली. त्यात "जुने पाईप, मातीने भरलेले, एक ढीग" असे होते. मला आवारातले सांडपाण्याचे पाईप वाटले. कोणते पाईप, असे मी विचारले नाही. शिपायाने बोट ठेवले तिथे सही केली. शनिवारी टेम्पोने सामान नेले.

सोमवारी पट्टी निघाल्याने मी कामावर गेलो. पावणेदहाच्या सुमारास ताई पाण्याची झारी घेऊन भांडारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, शेड रिकामी कशी?" मी टेम्पोवाल्याला फोन केला. सामान जुन्या दगडखाणीत टाकल्याचे त्याने सांगितले. ताईंनी झारी टेबलावर ठेवली. मी एक चादर घेतली आणि आम्ही दोघे बसने निघालो.

बसमध्ये मी त्यांना सांगितले की, यादीवर सही माझी आहे. दोन थांबे जाईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. नंतर त्यांनी विचारले, "डोळा बरा आहे ना आता?" मी हो म्हणालो. यानंतर या विषयावर आमचे बोलणे झाले नाही.

सव्वाअकराला आम्ही खाणीत पोचलो. भंगारवाल्यांनी प्लास्टिक काढून नेले होते. गाळ आपटून तिथेच टाकला होता. दोन दिवसांच्या उन्हाने तो तडकला होता आणि वर विटांचा राडारोडा पडला होता. मी म्हणालो, "ताई, चला. ऊन फार आहे." त्या म्हणाल्या, "आलोच आहोत तर बघू या." मग खाली बसून त्या ढेकळे वेचू लागल्या. मीही वेचली. एका ढेकळावर काळी रेघ होती. ती बोटाने दाखवून त्या म्हणाल्या, "ही काजळी. इथे त्यांनी पहिल्यांदा जंगल जाळून पेरणी केली. आणि हा वरचा फिकट थर बघा, माणसं निघून गेली. मग झाडं परत आली. चारशे वर्षं लागली, पण आली." त्या रडल्या नाहीत. ढेकळे चादरीवर ओळीने मांडत होत्या. अकरा झाली. मी विचारले, "त्या चार नळ्यांतलं यात काही असेल का?" त्या म्हणाल्या, "असेलही. पण कोणतं खालचं नि कोणतं वरचं, हे आता कोण सांगणार?"

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पाणी मागितले. मी दोनशे पावलांवरच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये गेलो. काटेवाल्याने तांब्या विसळून भरून दिला. परत यायला पंधरा मिनिटे लागली. ताई चादरीशेजारी कुशीवर पडल्या होत्या. चष्मा डोळ्यांवर होता. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारले, त्या बोलल्या नाहीत. काटेवाल्याच्या गाडीतून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून मयत घोषित केले आणि हृदय बंद पडल्याचे सांगितले.

विचारल्यावरून सांगतो की, खाणीत आमच्याशिवाय कोणी नव्हते. ताईंचे कोणाशी भांडण नव्हते. अधीक्षकांना नळ्यांची माहिती नव्हती. ती देणे माझे काम होते. माझा कोणावर संशय नाही.

दवाखान्यात ताईंचे भाऊ आले. बाकावर माझ्याजवळ बसून त्यांनी विचारले, "तिचं काम पुरं झालं होतं का हो? घरी सारखी म्हणायची, आता थोडंच राहिलंय." मी त्यांना म्हणालो, "हो, झालं होतं सगळं." ते म्हणाले, "मग बरं झालं." हे मी त्यांना खोटे सांगितले. ते गुन्ह्यात बसते की नाही मला माहीत नाही, पण इथे खरे सांगायचे आहे म्हणून सांगत आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो लिहिला आहे. नक्कल मयत बाईंच्या भावाला मागता येईल, तेव्हा त्याला खोटे सांगितल्याचा शेवटचा मजकूर गाळायचा का, असे हवालदारांनी मला विचारले. मी थोडा वेळ मागितला. नंतर, तो राहू द्यावा, असे सांगून सही केली.