फळीपाशी ओंजळभर पाणी

मी मूळचा देवगडाकडचा. खाडीला लागून घर, बाप होड्या बांधायचा, चौथीत शाळा सुटली आणि हातात लाकूड तासायची वाकस आली. पुढं बाप गेला, ओळखीच्या एकानं घाटावर आणलं, मुळशीच्या धरणाकडेला मुंबईच्या साहेबांचा बंगला, त्यांची लाँच सांभाळायची. काय सांगू तुम्हाला, खाऱ्या पाण्याचा माणूस गोड्या पाण्यावर आला आणि घाबरूनच राह्यला. ह्या पाण्याला भरती न्हाई, ओहोटी न्हाई, नुसतं बघत बसतं. बंगल्यात सैपाकाला सोनाबाई होती, हितलीच, तिला मी मावशी म्हणायचो आणि ती मला कोकण्या. जेवलास का रं कोकण्या, हे रोज विचारायची. आईनंतर तेवढं कुणी विचारलं न्हाई, लई उपकार हायेत तिचे.

तर त्या लाँचचं इंजिन आत आणि पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा पाय बाहेर, मधे मागच्या फळीला भलं मोठं भोक, आणि भोकावर रबराचा भाता, घड्याघड्यांचा, लाँच वळवताना पाय वळला तरी पाणी आत शिरू नये म्हणून. बाप असता तर म्हणाला असता, चांगल्या होडीला मागून भोक कुणी पाडलं. एका वर्षी नवरात्र सरलं आणि आत पाणी यायला लागलं. साहेब म्हणाले, दिवाळीला पाहुणे येतायत, जमत नसेल तर गावी जा. गावी जाऊन काय करू, तितं कोण होतं माझं.

लाँच ओंडक्यांवरून वर ओढली, तळ पुसून कोरडा केला आणि उलट आतच पाणी भरलं, कारण पाणी ज्या वाटेनं आत येतं त्याच वाटेनं बाहेर पडतं, हे बापाचं शिकवणं. पाय सरळ होता तवर थेंब न्हाई. डावीकडं वळवला, भात्याची घडी उघडली आणि टपटप सुरू. घडीत बोट घातलं तर हिरव्या बांगडीचा तुकडा, त्याला खणाचे दोरे.

तवाच कळलं. मावशीचं माहेर धरणाखाली गेलेलं, ती पोर असताना, गावदेवी तितंच राह्यली. ही दर नवरात्रात काठावरून ओटी सोडायची, खणात नारळ, तांदूळ, बांगड्या बांधून, ती तरंगत येऊन लाँचच्या पायात अडकली. विचारलं तर म्हणाली, व्हय, सोडली, मग काय बंगल्याच्या नळाची भरू का ओटी? हसली, आणि मग हळूच, सायबाला सांगशील का रं. मी साहेबांना सांगितलं, रबर विरलं. मुंबईहून नवा भाता आला, मी राह्यलो, तीही राह्यली.

पुढच्या नवरात्रात तिचे गुडघे धरलेले. म्हणाली, ओटी तूच ने होडीनं, त्या दोन टेकड्यांच्या मधोमध देऊळ हाय, तितं सोड. गेलो. वल्ही थांबवली आणि मनात आलं, पुन्हा तरंगत येऊन भात्यात शिरली तर? एक दगड बांधला असता तर भागलं असतं, तेवढं सुचलं न्हाई. गाठोडं हत्यारांच्या पेटीत लपवलं आणि परत आलो. घेतली का रं देवीनं? म्हटलं, घेतली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पौषात तापानं गेली.

आणि तवापासून लाँचमध्ये पाणी. मागच्या फळीपाशी ओंजळभर, रोज सकाळी. आत पाणी भरून बघितलं, पाय डावा-उजवा वळवला, बाहेर थेंब न्हाई. फळीला आतून राख फासली, पाणी उतरलं तर ओली रेघ उमटते, तर राख कोरडी ठाक आणि खाली पाणी. शेवटी ते गाठोडं काढलं, खण पार विटलेला, दगड बांधून टेकड्यांच्या मधोमध सोडलं, लगेच गेलं खाली. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी पाणी होतंच.

आता तीन वर्षं झाली. कमी न्हाई, जास्त न्हाई. लाँच बुडायची न्हाई त्यानं, साहेबांना पत्तासुद्धा न्हाई. मी फडक्यानं टिपतो. तवा खोटं बोललो, हे तोंडातून निघत न्हाई अजून. जेवलो मावशी, एवढंच म्हणतो.