पावणेतीनच्या किंचित अलीकडे

…आणि वर मलाच विचारतात, "कशाला नसत्या भानगडीत पडलात?" नसती भानगड? अहो, तुम्हाला सांगतो, चहा गार होता! रोज गार! सकाळी मी खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचायला बसतो. वाचतो कसला, तांबड्या पेन्सिलीने मुद्रणदोष दुरुस्त करीत असतो, कारण अशुद्ध मी खपवून घेत नाही. आणि शेवटच्या पानावरची शेवटची चूक पकडून मोठ्या समाधानाने कप तोंडाला लावावा, तर आत काय? पाणी! मी म्हटले, "तू चहा गारच आणून ठेवतेस." त्यावर आमची सौभाग्यवती म्हणते, "अहो, मी वाफाळता आणते. तुम्ही पाऊण तास त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, तो बिचारा किती वेळ तुमची वाट बघणार?"

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावे. मी बसलो नाही! म्हटले, "हे शास्त्राने सिद्ध करता येते. चहा गार आला असे निघाले, तर यापुढे माझे वाचन संपल्यावरच तू आधण ठेवायचे. वाफाळता निघाला, तर जन्मभर सकाळचा चहा मी करीन!" मी! ज्याला स्वयंपाकघरात दिव्याचे बटण सापडत नाही, तो मी! ती नुसती हसली आणि सूनबाईला म्हणाली, "ऐकलंस ना गं?" सूनबाईने ऐकले म्हणजे चिरंजीवांनी ऐकले, आणि चिरंजीवांनी ऐकले म्हणजे झाडून सगळ्या नातेवाइकांनी ऐकले…

शास्त्र सोपे आहे हो. गरम वस्तू आधी भराभर निवते, मग रेंगाळत निवते; आणि या निवण्याच्या मुळाशी 'ई' नावाची एक संख्या बसलेली आहे, पावणेतीनच्या किंचित अलीकडची. कप किती वेळ पडून होता आणि आता त्यात किती ऊब उरली आहे, एवढे कळले, की त्या ईचा घात काढायचा, त्याने गुणायचे आणि सरळ मागे जायचे, चहा टेबलावर आला त्या क्षणापर्यंत! संगणकासाठी आज्ञावली लिहायची, ती 'सी' भाषेत. ही भाषा मी कोणाकडे शिकायला गेलो नाही. ग्रंथालयातून जाडजूड ग्रंथ आणला आणि वाचला. ग्रंथातल्या चुका ग्रंथपालांना कळवल्यादेखील. त्यांनी आभार मानले नाहीत, तो भाग वेगळा.

सूनबाई संगणकाच्या कंपनीत आहे. ती मागून डोकावली. "बाबा, एवढं पानभर काय लिहिताय? वर मॅथ डॉट एच घ्या, खाली एक्स्प लिहा, झालं की! ईचा घात आयता मिळतो."

आयते? मी आयते घेऊ? "नाही बाई, ईचा घात मी स्वतः काढीन!" कसा? पहिला तुकडा एक. दुसरा म्हणजे जो घात असेल तो. तिसरा त्याच्या वर्गाचा अर्धा. चौथा घनाचा सहावा हिस्सा… तुकडे बारीक होत जातात, आपण मिळवत जायचे. डझनभरात काम भागते. लिहिले, तापमापकाचा आकडा घातला, चालवले आणि उत्तर काय आले? एक्कावन्न अंश! एक्कावन्न म्हणजे चहा नव्हे, कोमटाचा थोरला भाऊ! मी उभा राहून निकाल वाचून दाखवला. हिने ऐकून घेतला. म्हणाली, "असेल बाई. मशीन कशाला खोटं बोलेल? मलाच हल्ली हाताला चटका कळत नसेल." आणि दिवसभर पाहतो तर काय, प्रत्येक भांड्याला बोट लावून बघते आहे!

जिंकलो होतो. पण तुम्हाला सांगतो, जिंकलेल्या माणसाला स्वस्थता म्हणून नसते… दुसऱ्या दिवशी दुपारी वाटले, त्या ईचे नुसते दर्शन तरी घ्यावे. घाताच्या जागी एक घातला. यायला हवे पावणेतीनच्या अलीकडचे. आले किती? दोन! चक्क दोन! मी चष्मा पुसला. दोनच! ग्रंथ उघडला, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. या भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले, की अपूर्णांक ती खुशाल टाकून देते! एक भागिले दोन? शून्य. एक भागिले सहा? शून्य! नीटनेटके दिसावेत म्हणून मी आकडे पूर्ण लिहिले होते, आणि डझनातले पहिले दोन तुकडे सोडून बाकी सगळी शून्ये मिळवत बसलो होतो!

कोणाला ठाऊक होते? कोणालाही नाही. सूनबाई कामावर, ही आत पडलेली, संगणक माझ्या बोटाखाली. बंद केला, की निकाल कायम! पण डोळ्यांपुढून हलत नव्हते… म्हणजे तिने प्रत्येक भांड्याला लावलेले ते बोट… जाऊ द्या. शिवाय अशुद्ध मी खपवून घेत नाही! एकापुढे टिंब दिले, टिंबापुढे शून्य दिले, पुन्हा चालवले. साडेचौऱ्याहत्तर अंश. वाफाळता!

संध्याकाळी सर्वांसमक्ष सांगितले. हिने आपल्या बोटाकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे बोट शाबूत आहे तर!" सूनबाई म्हणाली, "बाबा, साखर कुठे असते, सांगून ठेवू का?" मी म्हटले, "नको. मी स्वतः शोधीन."

तेव्हापासून सकाळी चहा मी करतो. वाफाळता नेऊन ठेवतो. माझ्या खुर्चीत ही बसलेली असते, माझे वर्तमानपत्र घेऊन, शब्दकोडे सोडवीत, आणि पाऊण तासाने कप तोंडाला लावून म्हणते, "अहो, गार आणलात की हो!" साडेचौऱ्याहत्तर अंशांचा बिनचूक पुरावा माझ्या संगणकात आहे… आणि मी निमूटपणे कप उचलून तापवायला जातो. काय करणार! बाकी डाव्या हाताच्या डब्यात मीठ असते. हे मला कोणी सांगितलेले नाही, मी स्वतः शोधून काढले आहे!