पायाळूचा पाय

(तळ्याकाठचं गाव. मासेमार लिलाधर ओसरीत पालथा पडलाय. बायको दुर्गा त्याच्या कमरेवर पाय ठेवून उभी. उशाशी तिची धाकटी बहीण रंजू, गावातली आशा आरोग्यसेविका.)

रंजू : पाय खाली घे, बाई. कमरेवर ठेवू नको.

दुर्गा : तिसरा रविवार आहे आज. मायच म्हणे ना, दुर्गा पायाकडून जन्मली, पायाळू, तिच्या पायात गुण. आख्ख्या गावाची चमक उतरवली मी. घरच्याच माणसाची उतरत नाई, लोकं हासून राहिले.

रंजू : ही चमक नाई वाटत मले. भाऊजी, दुखते कुठून कुठवर?

लिलाधर : कमरेतून निघते, कुल्ल्यातून पोटरीत, मंग अंगठ्यापावतर. जाळं ओढताना कट्‌ झालं तवापासून. खोकललो का करंट बसते.

रंजू : टाचेवर उभं राहता येते?

लिलाधर : उजव्या नाई. चप्पल निसटून जाते, समजत नाई.

रंजू : मणक्यातली गादी सरकली असंन, शीर दबून राहिली. आता एक विचारते, लाजू नका. बसाच्या जागी बधिर लागते? लघवी समजते?

लिलाधर : ...दुर्गा, चाय मांड.

दुर्गा : आत्ताच तं घेतली.

लिलाधर : मांड म्हणलं ना.

रंजू : गेली ती. सांगा.

लिलाधर : परवापासून चड्डी ओली होते, मले पत्ता नाई. तिले म्हणलं, तळ्यात उतरलो होतो. पन्नाशीचा माणूस मी, रंजू. कोन्या तोंडानं सांगू?

रंजू : दोन दिवस लपवलं? हे थांबाचं काम नाई, भाऊजी. १०८ ले फोन लावते, आत्ताच भंडाऱ्याले जाऊ. उशीर झाला तं पाय जाईन, अन् हे असंच राहीन जलमभर.

दुर्गा : लाव फोन.

लिलाधर : तू ऐकत होती?

दुर्गा : वीस वर्सं तुमचे कपडे धुवून राहिली मी. तळ्याचा वास मले समजत नाई का?

रंजू : मंग बोलली काहून नाई?

दुर्गा : मले वाटलं, माह्याच पायानं झालं. कबूल करते म्हणलं तं जीभ उचलंना. म्हणून आजही पाय ठेवला, जसं काही झालंच नाई. लाज मलेच वाटून राहिली.

लिलाधर : मीच ठेवाले लावला तो पाय.

रंजू : १०८ ची गाडी निघाली तिकडून. भाऊजी, हलू नका.

दुर्गा : पिशवी भरली मी. चड्ड्या चार टाकल्या.