चार बोटं उंच केलेली जीप

...आणि उंच तरी किती केली होती हो, चार बोटं. तुम्हाला सांगतो, चारच बोटं. फळीवरचा डबा काढायला माणूस टाचा वर करतो तेव्हा याहून जास्त उंच होतो, पण म्हणून कोणी त्याच्या कमरेतून हुंकार येतोय म्हणून घाबरत नाही. इथे मात्र आमच्या चष्मेवाल्याची झोप उडाली, भूक उडाली, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा असा उलटा बसवायला लागला की गिऱ्हाईकच म्हणे, "तुम्ही बसा, मी बसवतो."

चष्मेवाला म्हणजे आमच्या समोरच्या घरातला जावई. घर सासऱ्यांचं, जीपही सासऱ्यांची. सासरे गेल्या वर्षी गेले. जन्मभर त्यांनी ती जीप चालवली आणि चालवताना नाकातून एकच सूर लावला... हंऽऽऽ... म्हणजे गाणं नाही, चाल नाही, नुसतं हंऽऽऽ, फाटकातून निघाल्यापासून पोचेपर्यंत. शेजारी बसलेल्याला वाटायचं इंजिनाचा आवाज आहे, आणि इंजीन बंद झालं की कळायचं, नाही बुवा, हे मालक आहेत. तर त्या मालकांनी दवाखान्यातल्या खाटेवरून किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हिला आहे तशी राहू द्या." जावई म्हणाला, "हो." आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार? बघू, विचार करतो, असं म्हणणार?

पण टेकडीपलीकडे सासऱ्यांनी लावलेली झाडं आहेत. सासूबाईंना दर रविवारी तिकडे जाऊन झाडांना पाणी घालायचं असतं. रस्ता कसला, नुसते धोंडे. प्रत्येक धोंड्याला जीपचं पोट घासायचं आणि मागे बसलेल्या सासूबाई अशा कळवळायच्या की जणू त्यांच्याच बरगडीला लागलं. जावयाला बघवेना. तो गेला मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणाला, "सोपं काम आहे साहेब. लांब स्प्रिंगा टाकू, गाडी चार बोटं वर. बाकी कशालाच हात लावायचा नाही."

बाकी कशालाच हात लावायचा नाही... तुम्हाला सांगतो, पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातनं झालं.

कारण गाडी उंच झाली आणि वागणंच बदललं तिचं. आधी काय, तर स्टिअरिंग वळवून सोडलं की आपोआप सरळ यायचं, आता येईना. सरळ रस्त्यावर जीप डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, नवख्या गावात पाहुणी आल्यासारखी. पण हे काहीच नाही. काटा साठावर गेला की बुडाखालून आवाज यायचा... हंऽऽऽ... तोच. तोच सूर, तीच पट्टी. काटा खाली आणला की गप्प. पुन्हा साठ, पुन्हा हंऽऽऽ.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा जावयाने आरशात मागे पाहिलं. सासूबाई ताठ बसलेल्या, डोळे मिटलेले. म्हणाल्या, "ऐकलंत ना जावईबापू? आलेत हे."

झालं. चारच बोटं हो, आणि अख्खा माणूस परत आला.

जावई मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणतो, "नव्या स्प्रिंगा आहेत, बसतील." पंधरा दिवसांनी परत, तर म्हणतो, "चाकांचं बॅलन्सिंग करून बघा." केलं. हंऽऽऽ. "टायर बदलून बघा." बदलले. हंऽऽऽ. हळूहळू त्याला तो आवाज गाडीबाहेरही यायला लागला. घरी फ्रिज सुरू झाला की तो दचकून उभा राहायचा. डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत समोरच्या पाटीवर मोठी अक्षरं, खाली लहान अक्षरं, गिऱ्हाईक वाचतंय, आणि हा मध्येच विचारतो, "तुम्ही काही म्हणालात का?" आता गिऱ्हाईक डोळे दाखवायला आलेलं, त्याने कानाचं काय सांगायचं?

आणि बायकोला हे सांगायची सोय नाही. बायको शाळेत भूमिती शिकवते, सगळी गल्ली तिला मास्तरीण म्हणते. वडील गेल्यापासून मास्तरीण जीपमध्ये बसलेलीच नाही. दार उघडायची, आतला वास यायचा, आणि दार लावून बसने शाळेत जायची. जीप उंच केली त्या दिवशी तिने एकदाच गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं हो. भांडणारी बायको परवडते. कपडे वाळत घालणारीचं काय करायचं?

तर असाच एक रविवार. झाडांना पाणी घालून जावई आणि सासूबाई परत येतायत, टेकडीचा उतार, काटा साठाला टेकलेला, खालून हंऽऽऽ चाललंय, सासूबाई डोळे मिटून ऐकतायत, आणि पुढचं चाक एका खड्ड्यात आपटलं. आपटलं ते आपटलं, पण स्टिअरिंग जे थडथडायला लागलं... थांबेचना. इकडे तिकडे, इकडे तिकडे, हातातून सुटायला बघतंय, जणू पलीकडून दुसरं कोणीतरी हिसकावून घेतंय. समोरून दुधाचा टँकर. जावयाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, दात आवळले, ब्रेक दाबत दाबत जीप कडेच्या मातीत नेऊन उभी केली. टँकर गेला. धूळ बसली. तो स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

मागून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं होतं ना त्यांनी."

एवढंच. ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.

जीप रांगत रांगत घरी आली. जावयाने किल्ली टेबलावर ठेवली आणि बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं, आवाज, टँकर, फ्रिजसुद्धा. "विकून टाकू," म्हणाला, "तुझे वडील माझ्यावर रागावलेत." मास्तरीण ऐकून घेऊन उठली, शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक घेतला, दोरीला नट बांधून ओळंबा केला, जुनं पोतं अंथरलं आणि साडी खोचून जीपखाली शिरली. बाहेर नुसती पावलं दिसतायत.

बराच वेळ गेला. जावई वाकून म्हणाला, "सापडलं का काही?"

"थांबा जरा." आवाज ओला होता. मग म्हणाली, "बाबांनी इथे हाताने काळा रंग दिलाय. ब्रशचे केस अडकलेत त्यात."

तो मांडी घालून तिथेच जमिनीवर बसला.

थोड्या वेळाने खालून तिचा वर्गातला आवाज आला, आणि तेव्हा त्याच्या जिवात जीव आला म्हणे. "सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो? सोडलं तरी चाक सरळ राहावं म्हणून. जीपचंही तसंच. तुम्ही गाडी वर उचललीत, पण पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आस, धरणारे दांडे होते तेवढेच राहिले, त्यांनी अ‍ॅक्सल फिरवला आणि तो तिरकेपणा गेला. म्हणून ती थडथडते. आडवा दांडाही तेवढाच, त्याने अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला ओढलाय. आता मागे बघा."

"काय बघू, मी बाहेर आहे."

"मग ऐका. गिअरबॉक्समधून निघते ती एक रेषा, मागच्या अ‍ॅक्सलची दुसरी, आणि मधला फिरता दांडा ही छेदिका. दोन्ही रेषा समांतर हव्यात, म्हणजे व्युत्क्रम कोन समान. इथे एक कोन मोठा, एक लहान. मग दांडा फिरताना घुमतोच. आठवीचं आहे हे."

"म्हणजे... बाबा नाहीत?"

मास्तरीण बाहेर आली. कपाळाला ग्रीस, डोळे लाल. म्हणाली, "बाबा असते तर नाकातून बोलले असते का? तोंडावर बोलले असते."

तुम्हाला सांगतो, त्या घरात वर्षभराने कोणीतरी हसलं. दोघंही हसली, आणि मग ती रडली, आणि तो तिच्या कपाळाचं ग्रीस पुसत बसला, ते आणखी पसरलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून मिस्त्रीकडे. मिस्त्रीने कोनमापक बघून आधी डोकं खाजवलं, पण माणूस कामाचा; म्हणाला, "बाई, तुम्ही अंश सांगा, मी दांडे जुळवतो." पुढचे दांडे बदलून अ‍ॅक्सल पुन्हा तिरका केला, आडवा दांडा लांब केला, मागचा अ‍ॅक्सल फिरवून कोन सारखे केले, ब्रेकचे ताणलेले पाइपही बदलले. ती मोजतेय, तो आवळतोय. चार बोटांसाठी सगळी गाडी नव्याने समजून घ्यावी लागली हो!

आणि मग रविवार. पुढे जावई, शेजारी मास्तरीण, हो, बसली, दार ओढून घेतलं आणि बसली, आणि मागे सासूबाई. स्टिअरिंग सरळ. काटा चाळीस... पन्नास... साठ.

काही नाही. नुसता वारा.

जावयाने घाबरत घाबरत आरशात पाहिलं. आता या माउलीचं काय होणार? नवरा दुसऱ्यांदा गेला की तिचा.

"थांबलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई. थांबलं," मास्तरीण म्हणाली.

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग पदर खांद्यावर ओढून घेत म्हणाल्या, "बरं झालं. जन्मभर ऐकलं हो मी ते. नको म्हणायचं कधी धाडस झालं नाही. आता जरा डोळा लागेल." आणि काचेला डोकं टेकून खरंच झोपल्या.

जीप सुरेख चाललीये. टेकडी आली, उतार आला, तो खड्डा आला, चाक आपटलं आणि मुकाट्याने पुढे गेलं. जावयाचा जीव इतका हलका झाला, इतका हलका झाला... की मागे सासूबाईंनी एकदम डोळे उघडले.

"अगं, मोजलंस ना नीट? आवाज येतोय अजून."

मास्तरणीने कान दिला. खाली वाकून ऐकलं. मग सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर रस्त्यावर, चेहऱ्यावर समाधान, ओठ मिटलेले, आणि नाकातून... हंऽऽऽ.

"गाडी नाहीये, आई," ती म्हणाली. "हे आहेत. गाडीचे कोन मी जुळवले, यांचे कोण जुळवणार?"

सासूबाईंनी एकदा जावयाच्या पाठीकडे पाहिलं, पदर डोक्यावरून घेऊन कानांवर घट्ट दाबला आणि पुटपुटल्या, "म्हणजे या गाडीत झोप काही माझ्या नशिबात नाही."