मानाचं वर्तुळ

कोरोनात बंद केलेली देवळं उघडली, तेव्हाचं सांगतो. शाळेत मी पीटी शिकवतो, म्हणून दर्शनरांगेची वर्तुळं आखायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मैदान आखायची पांढरी फक्की घेतली आणि दारापासून रस्त्यापर्यंत सहा-सहा फुटांवर वर्तुळं काढली. एका वर्तुळात एक माणूस. यात न कळण्यासारखं काय आहे?

सकाळी आरतीला देवस्थानचे अध्यक्ष तात्या आले आणि पहिल्या वर्तुळात उभे राहिले. मागनं आबा आले.

"आबा, तुम्ही दुसऱ्यात थांबा," मी म्हणालो.

"दुसऱ्यात? पालखीला पयला खांदा आमचा असतोय. मान हाय आमचा."

आबा पहिल्यातच शिरले. मग नारळाचा मान असलेले आले, मग निशाणाचा, मग धुपाचा. बायका मागं एकेका वर्तुळात गपचूप उभ्या आणि हे मानाचे पाच जण एकाच वर्तुळात खांद्याला खांदा लावून, मास्क हनुवटीला. वर तात्या तिथूनच माईकवर सांगतायत, "भाविकांनी अंतर ठेवावं."

मी म्हटलं, "तात्या, आणि तुमचं अंतर?"

"गुरुजी, तुमीच वर्तुळ बारकं काढलंय."

आठवड्यात पाचही जण खोकायला लागले. इंदापूरला तपासणीला गेले, सोबत मी. नर्सबाईंनी नाकात घालायची काडी काढली आणि विचारलं, "पहिलं कोण?"

पाचही जण एकेक पाऊल मागं. मग तात्या हळूच बाजूला सरकले.

"व्हा म्होरं, आबा. मान तुमचा हाय."