रणधीरची बुटकी गाडी आणि नऊ ब्रेकर

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न सोपा आहे, उत्तर मात्र घरोघरी वेगळं निघेल. माणसानं एखादी वस्तू जिवापाड जपली — तर ती वस्तू त्याची झाली, की तो तिचा गडी झाला? बोला की! बघा, पुढची ओळ एकदम जमिनीकडं बघायला लागली. असू द्या. उत्तर मी माळशेतच्या रणधीर मगदूमकडून आणलंय.

हा रणधीर म्हणजे पोरगा सोन्यासारखा. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण गाडीचं वेड! आणि गाडीवेड्यांतही पंथ असतात बरं का. एकाला आवडते जीप. तो ट्रॅक्टरएवढी चाकं लावून ती इतकी उंच करतो, की बायकोला चढायला घरातनं स्टूल न्यावं लागतं. दुसऱ्याला आवडते जुनी फियाट. तो ती दिवसभर पुसतो आणि बाजाराला सायकलीवरनं जातो. तिसऱ्याला नुसता आवाज पाहिजे — तो आला की आमच्या दाजींचा पखवाजसुद्धा गप्प बसतो!

रणधीरला आवडायची बुटकी गाडी. चार दारांची, लांबडी, पांढरी. त्यानं तिच्या स्प्रिंगा कापल्या, चकचकीत चाकं बसवली, पुढं जमिनीलगत एक काळी पट्टी लावली, मागं शेपूट लावलं, पोटाखाली निळे दिवे सोडले. गाडी इतकी खाली आली की खालनं मांजर जाईना. मागच्या काचेवर हे एवढ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद'. आणि आईचे गुडघे तेवढे वाकत नाहीत, म्हणून ती माउली त्या गाडीत एकदाही बसलेली नाही!

तर मंडळी, रणधीरचं लग्न ठरलं. तळेवाडीची मुलगी, नाव वैजयंता. शांत, पण शांत विहीर उथळ असते असं समजू नका. दुपारी अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. शालूच्या पदराला नवऱ्याच्या शेल्याची गाठ मारलेली. ही गाठ कुठं सोडायची? घरी, देवापुढं. कुणी? आत्यानं. मधे सोडली तर अपशकुन. रणधीरची गोदाआत्या त्या गाठीवर कोंबडी अंड्यावर बसते तसं लक्ष ठेवून होती.

"गाडी मीच चालवणार," नवरदेव म्हणाला. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग? छे! मग काय, दोघं गाठीत बांधलेले, डाव्या दारातनंच आत. आधी मुंडावळ्या सांभाळत नवरदेव गिअरच्या दांड्यावरनं पलीकडं गेला, मग नवरी बसली. मागं टेम्पोत आत्या, वऱ्हाड आणि बँडवाले.

तळेवाडी ते माळशेत किती? अकरा किलोमीटर. ब्रेकर किती? नऊ! आपल्याकडं ज्याच्या दारात पोरं खेळतात तो आपापला ब्रेकर घालतो. आणि रणधीरच्या गाडीचं गणित ठरलेलं होतं — आत एक माणूस असला तर तिरकी घेऊन निघते, दोन असली की पोट घासतं.

पहिला ब्रेकर आला. रणधीरनं गाडी थांबवली, घसा खाकरला.

"जरा उतरता का?"

"का वं? घर आलं?"

"घर न्हाई. ब्रेकर आलाय."

लग्नानंतर नवऱ्यानं बायकोशी बोललेलं हे पहिलं वाक्य! वैजयंता उतरली. खिडकी उघडी, खिडकीतनं शेला बाहेर, शेल्याला शालू, शालूत नवरी. गाडी तिरकी होऊन मुंगीच्या चालीनं चढली, आणि ही बाजूनं चालतेय. मांडवात सात पावलं झाली होती, आता आठवं, नववं, दहावं डांबरावर!

दुसरा ब्रेकर, उतरा. तिसरा, उतरा. चौथ्याला गाडी उतारावर जरा पळाली, तशी नवरी पण पळाली. पाचव्याला तिच्या चपलेचा अंगठा तुटला. सहाव्याजवळ एक म्हातारी उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं हे सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "पोरी, नवरा दाव्याला बांधून चरायला न्हेतीस व्हय गं?"

टेम्पोतली माणसं पोट धरून हसली. रणधीरला ऐकू आलं नाही. त्याचा कान कुठं? गाडीच्या पोटाला! कुठं खर्र वाजतंय का, एवढंच तो ऐकत होता.

आठ झाले. नववा माळशेतच्या वेशीवर, डेअरीपुढं. आणि हा ब्रेकर साधा नव्हता हो! रणधीर फार सुसाट येतो म्हणून गावानं खास त्याच्यासाठी घातलेला. गुडघाभर उंच! पलीकडं सगळं गाव आरती घेऊन उभं. इथं गाडी अगदी आडवी घ्यायला लागायची, आणि तेवढा शेला पुरत नव्हता.

रणधीर हळूच म्हणाला, "पाच मिनिटं गाठ सोडूया. पलीकडं गेलो की परत बांधू."

बँड थांबला. आत्याचा हात कपाळाला गेला. वैजयंता रस्त्यात अनवाणी उभी होती. तिनं आवाज चढवला नाही.

"मी न्हाई सोडणार. तुम्हाला सोडायची तर सोडा. पण मग मी इथनंच तळेवाडीला चालत जाईन. चालायची सवय झालीय आता."

रणधीरचा हात गाठीवर गेला, मंडळी. गेला! समोर ती काळी पट्टी, दात घासायच्या ब्रशनं पुसलेली. तिला ओरखडा पडणार! मग त्यानं गाठीवरनं नजर वर नेली आणि सकाळपासनं पहिल्यांदा बायकोकडं बघितलं. शालूचा काठ धुळीनं भरलेला. एक मुंडावळ गळ्यात लोंबतेय. डोळ्यांत पाणी, पण हनुवटी ताठ. त्याला लाज वाटली. अशी वाटली, की पट्टीचं दुःख त्या लाजेत बुडून गेलं.

"आत बसा," तो म्हणाला.

"गाडी घासंल."

"घासू दे."

ती बसली. रणधीरनं गिअर टाकला, आणि — खर्रर्रर्र! पट्टी गेली. दिवे गेले. गाडी मधोमध पोटावर अडकली, पुढची चाकं हवेत, मागची हवेत! गाव हसून लोळायच्या बेतात, तेवढ्यात वैजयंता गाडीत बसल्या बसल्या पहिल्यांदा हसली. ती हसली म्हणून तोही हसला. दोघं डाव्या दारातनं बाहेर आले आणि चालत निघाले. तिच्या पायात चप्पल नव्हती, म्हणून त्यानंही जोडा काढून हातात घेतला. गाडीची किल्ली गाडीतच राहिली. त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

घरी देवापुढं आत्या गाठ सोडायला बसली. सुटेना! आठ ब्रेकर ओढ बसून ती अशी आवळली होती, की आत्यानं शेवटी दात लावले. उरलेले चार!

हसलात? तिसऱ्या ओळीतल्या ताई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. ताई, राग मानू नका, परवा मी तुमच्याकडं चहाला आलो होतो. सोफा छान आहे. पण त्याच्यावरचं प्लॅस्टिक तीन वर्षं झाली तसंच! मी बसलो तो घसरत घसरत टीपॉयपर्यंत गेलो. आणि तुमचे सासरे कुठं बसले होते? खाली, चटईवर. का, तर त्यांच्या हातनं चहा सांडतो.

आज घरी जा. ते प्लॅस्टिक टराटरा फाडा. म्हाताऱ्याचा हात धरा, म्हणा, "मामंजी, वर बसा," आणि कप काठोकाठ भरून द्या. सांडला तर सांडू दे. डाग साबणानं जातो हो. चटईवर बसवलेला माणूस एक दिवस तसाच उठून जातो, मग सोफ्यावर कुणाला बसवणार?

दाजी, धरा ठेका. आणि मंडळी, हातात ज्यानं जे घट्ट धरलंय ते जरा खाली ठेवा, दोन्ही हात मोकळे करा, आणि टाळी वाजवून म्हणा — विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल!